न घेतलेल्या औषधाचा प्रतिरोध

एचआयव्हीची नवी लागण झालेल्या आणि उपचाराची एकही गोळी कधी न घेतलेल्या व्यक्तीच्या शरीरातील विषाणू काही औषधांना आधीपासूनच दाद देत नसेल, तर त्या अवस्थेला संक्रमित औषधप्रतिरोध म्हणतात. औषधप्रतिरोध दोन वाटांनी येतो. उपचार चालू असताना औषधाची मात्रा अपुरी पडली, त्यात खंड पडला किंवा निवडलेली औषधेच दुबळी निघाली, तर त्याच रुग्णाच्या शरीरात विषाणू बदलतो. हा अर्जित प्रतिरोध. असा बदललेला विषाणू पुढे लैंगिक संबंधातून, दूषित सुईतून किंवा आईकडून बाळाकडे जातो, तेव्हा त्या दुसऱ्या व्यक्तीला लागण आणि प्रतिरोध दोन्ही एकदमच मिळतात. या दुसऱ्या व्यक्तीच्या शिस्तीचा, समजुतीचा किंवा चुकीचा त्याच्याशी काहीही संबंध नसतो. म्हणूनच एखाद्या प्रदेशातील संक्रमित प्रतिरोधाचे प्रमाण ही त्या प्रदेशात मागील काही वर्षांत उपचार किती सातत्याने पोहोचले याची नोंद असते, आणि तिचा जाब रुग्णाला नव्हे, तर व्यवस्थेला विचारावा लागतो. ही नोंद ठेवण्याची गरज महानगरांइतकीच, किंबहुना त्याहून अधिक, छत्रपती संभाजीनगरसारख्या शहराला आणि त्याच्यावर विसंबलेल्या मराठवाड्याला आहे, अशी प्रस्तुत लेखाची मांडणी आहे.

प्रतिरोध का निर्माण होतो हे समजण्यासाठी विषाणूच्या पुनरुत्पादनाकडे पाहावे लागते. एचआयव्ही पेशीत शिरल्यावर रिव्हर्स ट्रान्स्क्रिप्टेज नावाच्या विकराच्या साहाय्याने आपल्या आरएनएवरून डीएनएची नक्कल तयार करतो, आणि नक्कल उतरवताना झालेली चूक दुरुस्त करण्याची सोय या विकराजवळ नसते. विषाणूचा जनुकसंच सुमारे ९,७०० अक्षरांचा असतो आणि उपचार न घेणाऱ्या शरीरात दररोज सुमारे १,००० कोटी नवे विषाणू तयार होतात. इतक्या प्रचंड संख्येत जवळजवळ प्रत्येक अक्षराच्या जागी एखादा बदल झालेला विषाणू औषध सुरू होण्यापूर्वीच कुठे ना कुठे जन्मलेला असतो. औषध हा बदल घडवत नाही; ते न बदललेल्या विषाणूंना रोखते आणि बदललेल्यांना रान मोकळे करून देते. तीन औषधे एकत्र देण्यामागचे तत्त्व यातूनच आले आहे, कारण तिन्ही औषधांना एकाच वेळी चकवणारा विषाणू आपोआप निर्माण होण्याची शक्यता अत्यल्प असते. मात्र हे संरक्षण तिन्ही औषधे रक्तात एकत्र टिकून असेपर्यंतच लाभते.

भारतातील पहिल्या पिढीच्या उपचारपद्धतीत नेमकी इथेच एक उणीव होती. नेव्हिरापिन आणि इफाविरेन्झ ही औषधे रक्तात दीर्घकाळ रेंगाळतात, तर त्यांच्या जोडीची औषधे त्यामानाने लवकर निघून जातात. त्यामुळे रुग्णाच्या गोळ्या एकाच दिवशी संपल्या, तरी त्यानंतर कित्येक दिवस विषाणूवर प्रत्यक्षात एकट्या औषधाचाच दाब राहतो, आणि या गटातील औषधांना निकामी करायला एकच बदल पुरतो. रिव्हर्स ट्रान्स्क्रिप्टेजच्या साखळीत १०३ क्रमांकाच्या जागी लायसिनऐवजी ॲस्परॅजीन हे अमिनो आम्ल आले, की नेव्हिरापिन आणि इफाविरेन्झ दोन्ही औषधे एकदम हातची जातात. या बदलाला के-१०३-एन असे म्हणतात. विषाणूला त्याची फारशी किंमत मोजावी लागत नाही, म्हणून तो नव्या व्यक्तीत गेल्यावरही वर्षानुवर्षे टिकतो. याउलट लॅमिव्हुडिनला निष्प्रभ करणारा एम-१८४-व्ही हा बदल विषाणूला अशक्त करतो, आणि औषधाचा दाब नसेल तर असे विषाणू मागे पडून मूळ रूपाचे विषाणू पुन्हा वरचढ होतात.

या भेदाचे परिणाम दूरगामी आहेत. प्रतिरोध शोधणारी नेहमीची जनुकीय चाचणी शरीरातील एकूण विषाणूंपैकी साधारण १५ ते २० टक्क्यांहून कमी वाटा असलेले प्रकार टिपू शकत नाही. लागण झाल्यावर काही महिन्यांत चाचणी झाली तर मिळालेला प्रतिरोध दिसतो, पण चार-पाच वर्षांनी, क्षयरोग किंवा सततचा ताप घेऊन व्यक्ती रुग्णालयात आल्यावर झाली, तर त्यातील काही बदल पडद्याआड गेलेले असतात. ते नष्ट मात्र झालेले नसतात. सुप्तावस्थेतील पेशींमध्ये त्यांचा साठा राहतो आणि तेच औषध सुरू झाले की ते पुन्हा डोके वर काढतात. जिथे निदान उशिरा होते, तिथे मोजलेला संक्रमित प्रतिरोध प्रत्यक्षापेक्षा कमीच दिसण्याचा संभव असतो. आकडा लहान आला म्हणून निश्चिंत होण्यापूर्वी तो लागणीनंतर किती काळाने घेतलेल्या नमुन्यांतून आला आहे, हे विचारले पाहिजे.

भारतात एचआयव्हीच्या लागणीची पहिली नोंद १९८६ साली चेन्नईत झाली. औषधप्रतिरोधी विषाणू एका व्यक्तीकडून दुसरीकडे जाऊ शकतो, हे झिडोव्हुडिन या पहिल्या औषधाच्या बाबतीत १९९३ सालीच वैद्यकीय साहित्यात नोंदले गेले होते. त्या दशकात भारतातील उपचार खाजगी दवाखान्यांत आणि ज्याच्या त्याच्या ऐपतीनुसार होत. एक किंवा दोनच औषधे घेणे, पैसे असतील त्या महिन्यात घेणे आणि नसतील त्या महिन्यात थांबवणे, हा गरजेने पडलेला शिरस्ता होता. फेब्रुवारी २००१ मध्ये मुंबईच्या सिप्ला कंपनीने तीन औषधांचा वर्षभराचा उपचार ‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’ या संस्थेला ३५० डॉलरमध्ये देऊ केला. तोवर हाच उपचार पाश्चात्त्य देशांत दहा हजार डॉलरहून महाग होता. या घोषणेने जगभरच्या गरीब रुग्णांसाठी दार उघडले. १ एप्रिल २००४ रोजी भारत सरकारचा मोफत एआरटी कार्यक्रम, म्हणजे विषाणूविरोधी उपचाराचा सार्वजनिक कार्यक्रम, सुरू झाला आणि त्याच्या पहिल्या आठ केंद्रांत मुंबईच्या सर ज. जी. रुग्णालयाचा समावेश होता.

त्या काळात प्रतिरोधाचा मुद्दा एका वेगळ्याच हेतूने पुढे आणला गेला. गरीब देशांतील रुग्ण वेळेवर गोळ्या घेणार नाहीत, त्यातून प्रतिरोधी विषाणूंचे रान माजेल आणि म्हणून तिथे उपचार सावकाश व मोजक्याच लोकांना द्यावेत, असे जाणते समजले जाणारे लोकही म्हणत होते. ही भीती अनुभवाच्या कसोटीवर टिकली नाही. २००६ साली अमेरिकन वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात आलेल्या एका तुलनात्मक आढाव्यात पुरेशा नियमितपणे औषध घेणाऱ्यांचे प्रमाण आफ्रिकेतील अभ्यासांत ७७ टक्के, तर उत्तर अमेरिकेतील अभ्यासांत ५५ टक्के आढळले. औषध मोफत आणि हाताशी असेल तर गरीब माणूसही ते काटेकोरपणे घेतो, हे यातून सिद्ध झाले. तरीही त्या जुन्या युक्तिवादाचा गाभा अजून मेलेला नाही. ‘रुग्णच बेशिस्त’ या निष्कर्षाच्या रूपाने तो एआरटी केंद्रांच्या खिडक्यांवर आणि आढावा बैठकांत आजही डोकावतो. प्रतिरोधाची चर्चा रुग्णाला दोष देण्यासाठी झाली, की तिचा उपयोग संपतो आणि अपाय सुरू होतो.

सार्वजनिक कार्यक्रमाच्या स्वतःच्या निर्णयांतूनही प्रतिरोधाला वाट मिळाली, हे इथे स्पष्टपणे सांगितले पाहिजे. गरोदर मातेकडून बाळाला होणारी लागण टाळण्यासाठी प्रसूतीच्या वेळी नेव्हिरापिनची एकच मात्रा देण्याची पद्धत भारतात अनेक वर्षे चालू होती. तिने असंख्य बाळांना वाचवले, पण हेच औषध नंतर उपचारातही वापरायचे असल्याने काही मातांच्या आणि लागण झालेल्या काही बाळांच्या शरीरात प्रतिरोधाचे बीज रुजले. पुढे प्रत्येक गरोदर मातेला पूर्ण तीन औषधांचा आणि आयुष्यभराचा उपचार देण्याचे धोरण आले, ते योग्यच झाले. उपचाराची पहिली गोळी घेण्याआधीच आढळणाऱ्या प्रतिरोधाचा एक भाग असा भूतकाळातील औषधांतून, तर दुसरा भाग दुसऱ्याकडून लागलेल्या विषाणूतून येतो. दोन्ही मिळून जे प्रमाण होते त्याला उपचारपूर्व प्रतिरोध म्हणतात, आणि सर्वेक्षणांत बहुधा तेच मोजले जाते, कारण पूर्वी घेतलेल्या औषधांची माहिती रुग्ण नेहमीच सांगतो असे नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने संक्रमित प्रतिरोध मोजण्यासाठी सुरुवातीला एक सुटसुटीत पद्धत सुचवली होती. नुकतीच लागण झाली असण्याची शक्यता जास्त असलेल्या थोड्या व्यक्तींचे नमुने तपासायचे आणि प्रमाण ५ टक्क्यांखाली असेल तर कमी, ५ ते १५ टक्के असेल तर मध्यम आणि त्याहून अधिक असेल तर उच्च असे वर्गीकरण करायचे. या पद्धतीने मुंबईत तपासणी व समुपदेशन केंद्रांत येणाऱ्या व्यक्तींचा आणि आंध्र प्रदेशातील काकीनाडा येथे गरोदर स्त्रियांचा अभ्यास झाला. पुण्याजवळ भोसरी येथे १९९२ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी या कामात पुढाकार घेतला. भारतातील अशा अभ्यासांचे एकूण चित्र कमी ते मध्यम पातळीचे आहे आणि ते दिलासादायक आहे. पुढे २०१७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने असा दंडक घातला की नेव्हिरापिन व इफाविरेन्झच्या गटाला उपचारपूर्व प्रतिरोध १० टक्क्यांवर गेला, तर त्या देशाने पहिल्या फळीतील औषधच बदलावे. आफ्रिका आणि लॅटिन अमेरिकेतील अनेक देशांनी ही मर्यादा ओलांडली होती.

परंतु राष्ट्रीय सर्वेक्षणाचा आकडा राष्ट्राचा असतो, जिल्ह्याचा नसतो. त्याचे नमुने देशाची सरासरी कळावी अशा बेताने निवडलेले असतात, आणि सरासरीत एखाद्या भागाचा फुगवटा सहज विरघळून जातो. महाराष्ट्रात एचआयव्हीसह जगणाऱ्यांची संख्या सुमारे ४ लाख आहे आणि ती देशातील सर्व राज्यांत सर्वाधिक आहे. अशा राज्यात मुंबई-पुण्याच्या प्रयोगशाळांच्या आसपासचे चित्र मराठवाड्यावर जसेच्या तसे लावता येत नाही, कारण उपचारात खंड पडण्याची इथली कारणे वेगळी आहेत.

छत्रपती संभाजीनगरचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि रुग्णालय, म्हणजे लोकांच्या तोंडची घाटी, १९५६ पासून मराठवाड्याचा आधार आहे, आणि तिथल्या दारात जालना, बीड, परभणी, हिंगोलीपासून बुलढाण्यापर्यंतचे रुग्ण येतात. शहराभोवती वाळूज, चिकलठाणा आणि शेंद्रा येथील औद्योगिक वसाहतींत कंत्राटी कामगार ये-जा करतात, तर धुळे ते सोलापूर जोडणारा महामार्ग शहरातून जातो. राष्ट्रीय कार्यक्रम ज्या स्थलांतरित कामगारांना आणि ट्रकचालकांना जोखमीचे गट मानतो, त्यांचे इथे सततचे वास्तव्य आहे. त्यात मराठवाड्याचे स्वतःचे स्थलांतर आहे ते ऊसतोडीचे. दिवाळीच्या सुमारास मुकादमाची उचल घेतलेली लाखो माणसे, नवरा-बायकोचा एक कोयता अशी जोडी धरून, पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात आणि पाच-सहा महिन्यांनी परततात. फडावरून एक दिवस गैरहजर राहिले तर खाडा लागतो आणि तो उचलीतून वळता होतो. अशा माणसाला महिन्याच्या गोळ्यांसाठी शंभर-दोनशे किलोमीटरवरच्या केंद्रात बोलावणे म्हणजे औषध आणि मजुरी यांतून एकाची निवड करायला लावणे आहे. दुसऱ्या जिल्ह्यातील केंद्रातून औषध घेण्याची सोय कागदावर असली, तरी तिथे पुन्हा ओळख सांगावी लागते, आणि टोळीतल्या इतरांना कळेल ही भीती त्या सोयीला निकामी करते. खंड पडतो तो इथे, आणि त्या खंडात बदललेला विषाणू पुढे ज्या व्यक्तीकडे जातो तिला यातले काहीच ठाऊक नसते.

याच मातीत घडलेल्या एका घटनेने ही प्रक्रिया शेतकऱ्यांना आधीच दाखवली आहे. २००२ साली बीटी कपाशी आली, २००६ साली तिचे दोन जनुकांचे वाण आले, बांधाकडेला बीटी नसलेल्या कपाशीच्या आश्रयओळी लावण्याचा नियम बहुतांशी कागदावर राहिला, आणि २०१७च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने बीटीला न जुमानता बोंडे पोखरली. ज्याने नियम पाळला होता त्याचे शेतही वाचले नाही, कारण अळीचा पतंग बांध ओळखत नाही. संक्रमित प्रतिरोधाचा न्याय असाच आहे. एका ठिकाणच्या अपुऱ्या व्यवस्थेची किंमत दुसऱ्या ठिकाणच्या निर्दोष माणसाला मोजावी लागते, म्हणून उपाय एकेका शेताच्या पातळीवर नाही, तर साऱ्या शिवाराच्या पातळीवर करावा लागतो.

या मांडणीवर दोन गंभीर आक्षेप येतात. पहिला असा की डोल्युटेग्राव्हिर आल्यापासून हा प्रश्नच मिटला. टेनोफोव्हिर, लॅमिव्हुडिन आणि डोल्युटेग्राव्हिर यांची टीएलडी नावाची एकच गोळी आता भारतात पहिल्या फळीचा उपचार आहे. डोल्युटेग्राव्हिर विषाणूच्या इंटिग्रेज या वेगळ्याच विकरावर काम करते, त्याला चकवणे विषाणूला फार अवघड जाते, आणि नेव्हिरापिनच्या गटाला असलेला जुना प्रतिरोध त्याच्या आड येत नाही. केनिया, युगांडा आणि झिम्बाब्वे येथे झालेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या नादिया चाचणीने तर जोडीच्या औषधांना प्रतिरोध असतानाही ते बहुसंख्य रुग्णांत परिणामकारक ठरते, असे दाखवले. हे सर्व खरे आहे आणि त्याचे स्वागतच केले पाहिजे. तथापि मार्च २०२४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार, डोल्युटेग्राव्हिर घेत असूनही ज्यांच्या रक्तात विषाणू वाढलेला होता अशांमध्ये या औषधाला प्रतिरोधाचे प्रमाण ३.९ ते ८.६ टक्के, आणि विषाणूभार जास्त असतानाच या औषधावर आणलेल्या जुन्या रुग्णांत ते १९.६ टक्क्यांपर्यंत आढळले. अर्जित प्रतिरोध आज जिथे आहे, तिथे उद्या संक्रमित प्रतिरोध असू शकतो. सध्याचा काळ हा प्रमाण कमी असतानाच मोजमापाची पायाभूत रेषा आखून ठेवण्याचा आहे, कारण ती नसेल तर पुढची वाढ वाढ म्हणून ओळखताच येणार नाही.

शिवाय नवी गोळीही दैनंदिन व्यवहारातील चुकांपासून मुक्त नाही. क्षयरोगावरील रिफॅम्पिसिन रक्तातील डोल्युटेग्राव्हिर घटवते, म्हणून दोन्ही रोगांवर एकत्र उपचार घेणाऱ्याला बारा तासांनी डोल्युटेग्राव्हिरची ५० मिलिग्रॅमची आणखी एक गोळी द्यावी लागते. लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्या किंवा पित्तावरची काही औषधे रिकाम्या पोटी तिच्यासोबत घेतली तर तिचे शोषण कमी होते, आणि गरोदर स्त्रीला उपकेंद्रातून लोह व कॅल्शियमच याच काळात मिळत असते. दोन खिडक्यांवरची दोन माणसे परस्परांशी बोलली नाहीत, तर रुग्णाने एकही गोळी न चुकवता तिची मात्रा अपुरी राहते. पुरवठ्याचेही तेच. जुलै २०२२ मध्ये औषधांच्या तुटवड्यामुळे एचआयव्हीसह जगणाऱ्या व्यक्तींना दिल्लीत राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या कार्यालयासमोर आंदोलनाला बसावे लागले. ज्या देशातील कारखाने जगाला ही औषधे पुरवतात, त्या देशात असा खंड पडणे हे क्षम्य नाही.

दुसरा आक्षेप पैशाचा आहे. प्रत्येक नव्या रुग्णाची जनुकीय चाचणी करणे महागडे आहे, आणि तोच पैसा निदान व औषधावर खर्चावा, असे म्हटले जाते. प्रत्येकाच्या चाचणीचा आग्रह इथे धरलेलाच नाही; टीएलडीच्या काळात तो अवास्तव आहे. हवे आहे ते ठरावीक काळाने, थोड्या पण विचारपूर्वक निवडलेल्या नमुन्यांवर आधारलेले विभागीय सर्वेक्षण. त्यात नुकतीच लागण झालेले तरुण, गरोदर स्त्रिया आणि अठरा महिन्यांखालील बालके यांचा समावेश असावा, कारण त्यांच्या विषाणूत प्रतिरोधाच्या ताज्या खुणा सापडतात. कागदावर वाळवलेल्या रक्ताच्या थेंबांवरही अशी तपासणी होऊ शकते, म्हणून दूरच्या तालुक्यातून नमुना आणणे अशक्य नाही. सर्वेक्षणाचा खर्च एका औषधमालिकेच्या अपयशानंतर शेकडो रुग्णांना महागड्या दुसऱ्या-तिसऱ्या फळीवर नेण्याच्या खर्चापुढे क्षुल्लक आहे.

या मोजणीत एक धोका आहे आणि त्याचा बंदोबस्त आधी करावा लागेल. विषाणूंच्या जनुकक्रमांची तुलना केल्यास कोणाचा विषाणू कोणाच्या जवळचा आहे, हे दिसू लागते. त्यातून कोणी कोणाला लागण दिली हे सिद्ध होत नाही, परंतु नवऱ्याने बायकोवर, सासरने सुनेवर आणि पोलिसांनी देहविक्रय करणाऱ्या स्त्रीवर आरोप ठेवण्यासाठी अर्धवट माहितीही पुरते. २०१७ साली संमत झालेला आणि १० सप्टेंबर २०१८ पासून लागू असलेला एचआयव्ही व एड्स प्रतिबंध आणि नियंत्रण कायदा संमती व गोपनीयता यांना संरक्षण देतो. सर्वेक्षणाचे नमुने त्या कायद्याच्या चौकटीत नावाविना आणि परत माग काढता येणार नाही अशा रीतीने घेतले, तरच लोक त्यावर विश्वास ठेवतील, आणि विश्वास गेला तर निदानच आणखी उशिरा होईल.

मोजणीला अर्थ येतो तो तिच्या पाठीशी उभ्या केलेल्या कृतीमुळे. एचपीटीएन ०५२ या आंतरराष्ट्रीय अभ्यासात, ज्यात पुणे आणि चेन्नई येथील जोडपीही सहभागी होती, लवकर सुरू केलेल्या उपचाराने जोडीदाराला होणारी लागण ९६ टक्क्यांनी घटल्याचे २०११ साली दिसून आले. ज्याच्या रक्तातील विषाणू पूर्ण दबलेला आहे त्याच्याकडून लैंगिक संबंधातून लागणच जात नाही, तेव्हा प्रतिरोधही जात नाही. संक्रमित प्रतिरोधावरचा सर्वांत खात्रीचा इलाज म्हणजे आज उपचारावर असलेल्या प्रत्येकाचा विषाणू दबलेला ठेवणे हाच होय. त्यासाठी ऊसतोडीला निघण्यापूर्वी पूर्ण हंगामाच्या गोळ्या हातात मिळणे, व्हायरल लोडची म्हणजे रक्तातील विषाणूंच्या मोजणीची वार्षिक चाचणी कोणाचीही न चुकणे, ती मोजणी मिलिलिटरला १,०००च्या वर गेली तर महिन्यामहिन्यांची वाट न पाहता कारण शोधणे, क्षयरोग, प्रसूती आणि एआरटी या विभागांनी एकाच रुग्णाची औषधे एकत्र तपासणे आणि औषधसाठा संपण्याच्या कितीतरी आधी पुढचा साठा पोहोचणे, या गोष्टी लागतात. यांपैकी एकही गोष्ट नव्या शोधाची वाट पाहत नाही.

या व्यवस्थेचे अपयश प्रथम ज्याच्या शरीरात उमटेल, तो माणूस आज कदाचित निरोगी आहे. तो घाटीच्या कोणत्याही नोंदवहीत नाही, कोणत्याही समुपदेशकाला भेटलेला नाही, आणि आपल्या वतीने काही मागण्याची त्याची वेळ अजून आलेली नाही. त्याला उद्या मिळणाऱ्या पहिल्या गोळीचा परिणाम आज दुसऱ्या कोणाला तरी वेळेवर मिळणाऱ्या गोळीवर ठरतो आहे. म्हणून उपचारातील सातत्य ही रुग्णावर केलेली मेहेरबानी नसून अजून लागण न झालेल्या नागरिकाप्रतीही शासनाचे कर्तव्य आहे, आणि मराठवाड्यात त्या कर्तव्याचे मोजमाप सुरू करण्यास आता आणखी विलंब होता कामा नये.